झोप आणि प्रतिकारशक्तीची पेप्टाइडं: व्हायलमध्ये काय असतं आणि कामाचं किती?

निशिगंध
नमस्कार मंडळी. जिमचे ग्रुप, इन्स्टाग्राम, 'वेलनेस क्लिनिक'च्या जाहिराती, सगळीकडे सध्या एकच जोडी दिसते: "गाढ झोप आणि मजबूत इम्युनिटी, एकाच पेप्टाइड कोर्समध्ये". पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. नावं फिरून फिरून तीच असतात. झोपेसाठी डीएसआयपी आणि एपिटॅलॉन, प्रतिकारशक्तीसाठी थायमोसिन अल्फा-१, थायमॅलिन आणि एलएल-३७, आणि दोन्हीकडे डोकावणारं सेलँक.

यातलं कोणतं खरोखर औषध म्हणून वापरलं जातं, कोणत्याचा पुरावा कितपत आहे, आणि घेताना नेमकं कुठे चुकतं, हे जाणकारांकडून हवं आहे. 'मला लागू पडलं' किंवा 'मला नाही पडलं' अशा कहाण्या नकोत. रेणू, मात्रा, चाचण्या आणि साठवण यावर बोलू. विक्रेत्यांची नावं आणि लिंका कृपया टाकू नयेत.

रसायनी
चांगला धागा. आधी ही सगळी मंडळी एका जातीची नाहीत हे सांगतो, म्हणजे पुढची तुलना सोपी होईल.

डीएसआयपी म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी, रेणुभार सुमारे ८४९. सुरुवातीलाच ट्रिप्टोफॅन आहे, त्यामुळे प्रकाश आणि हवा दोन्ही सोसत नाही. एपिटॅलॉन फक्त चार आम्लांचं: अ‍ॅलानिन, ग्लुटामिक, अ‍ॅस्पार्टिक, ग्लायसिन. रेणुभार ३९०. त्यातली शेवटची अ‍ॅस्पार्टिक-ग्लायसिन जोडी पेप्टाइड रसायनात बदनाम आहे. पाण्यात राहिली की ती स्वतःशीच वळते आणि आयसोअ‍ॅस्पार्टेट तयार होतं. वजन तेच राहतं, आकार बदलतो. त्यामुळे नुसत्या मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन मोजणाऱ्या चाचणीत) ही खराबी दिसतच नाही.

थायमोसिन अल्फा-१ अठ्ठावीस आम्लांचं, टोकाला अ‍ॅसिटिल गट, रेणुभार ३१०८. सेलँक सात आम्लांचं. टफ्टसिन हा चार आम्लांचा तुकडा आपल्याच शरीरात असतो, त्याला प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन ही शेपटी जोडून मॉस्कोत ते बनवलं. एलएल-३७ सदतीस आम्लांचं, धन भाराचं आणि चिकट; काचेला, प्लास्टिकला लागून बसतं. थायमॅलिन हे एक पेप्टाइडच नाही, वासराच्या थायमस ग्रंथीचा अर्क आहे.

म्हणजे 'पेप्टाइड' हा शब्द 'धान्य' या शब्दासारखा आहे. ज्वारी आणि तूर दोन्ही धान्यंच, पण एकीची भाकरी होते, दुसरीची आमटी.

कडुनिंब
@रसायनी, उत्तम मांडणी. प्रतिकारशक्तीच्या बाजूबद्दल लिहिते.

या यादीत पूर्ण अर्थाने औषध म्हणता येईल असं एकच आहे, थायमोसिन अल्फा-१. अ‍ॅलन गोल्डस्टाइन यांच्या गटाने वासराच्या थायमसमधून वेगळं काढून १९७७ मध्ये त्याची रचना जाहीर केली. 'थायमालफासिन' या नावाने ते तीसहून जास्त देशांत मंजूर झालं, मुख्यतः हिपॅटायटिस बी साठी. ठरलेली मात्रा १.६ मिलिग्रॅम, त्वचेखाली, आठवड्यातून दोनदा, सहा महिने. रक्तातलं अर्धायुष्य (निम्मं औषध संपायला लागणारा वेळ) दोनेक तासांचं. अमेरिकेत ते मंजूर नाही.

पण मंजूर आहे म्हणून 'इम्युनिटी वाढवतं' असा अर्थ काढू नका. हिपॅटायटिस बी मध्ये टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिरच्या गोळ्या आल्यापासून त्याची गरज बरीच कमी झाली. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, आशा होती. २०१३ च्या चिनी चाचणीत ३६१ रुग्ण होते, २८ दिवसांतले मृत्यू २६ टक्के विरुद्ध ३५ टक्के. लोक हाच आकडा घेऊन फिरतात. पुढची मोठी चाचणी २०२५ मध्ये आली: २२ केंद्रं, ११०६ रुग्ण, दर बारा तासांनी १.६ मिलिग्रॅम, सात दिवस. मृत्यू २३.४ टक्के विरुद्ध २४.१ टक्के, म्हणजे फरक नाही. हा दुसरा आकडा मात्र जाहिरातीत कुठेच सापडणार नाही.

आणि निरोगी माणसाने सर्दी-पडसं टाळायला घ्यावं, याला भरवशाची चाचणी नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. तिथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. संधिवात, ल्युपस, सोरायसिस असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये.

तांबडी_माती
+१. 'वाढवणे' हा शब्दच चुकीचा आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, भरली की झालं.

पिंगळा
झोपेच्या बाजूचं मी घेतो.

डीएसआयपी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सापडलं. १९७० च्या दशकात मोनिए आणि शोननबर्गर यांनी सशांच्या मेंदूत थॅलॅमसला विजेचे हलके झटके देऊन त्यांना झोपवलं, मेंदूतून परतणारं रक्त घेतलं, आणि त्यातून हा नऊ आम्लांचा तुकडा काढला. नाव मोठं दिलं, 'डेल्टा झोप आणणारं पेप्टाइड'. त्यानंतर आजवर त्याचा जनुक सापडला नाही, त्याला धरून ठेवणारा रिसेप्टर सापडला नाही. शरीरात ते नेमकं कोण बनवतं हेही ठरलेलं नाही.

माणसांवरच्या चाचण्या बहुतेक १९८० च्या दशकातल्या, लहान लहान. त्यातल्या त्यात नीट केलेली १९९२ ची: जुनाट निद्रानाशाचे १६ रुग्ण, दुहेरी अंध (कोणाला काय दिलं हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही). झोप लागायला थोडा कमी वेळ लागला, अंथरुणातल्या वेळेत झोपेचा वाटा थोडा वाढला. पण 'झोप कशी झाली' असं विचारल्यावर रुग्णांच्या उत्तरांत फरक नव्हता. उपचार म्हणून यातून मोठं काही हाती लागेल असं वाटत नाही, असं खुद्द त्या संशोधकांनीच लिहिलं.

आता मात्रेचा हिशोब करा, कारण इथेच गंमत आहे. त्या चाचण्यांत २५ नॅनोमोल प्रति किलो दिलं, तेही शिरेतून. साठ किलोच्या माणसाला १५०० नॅनोमोल, गुणिले रेणुभार ८४९, म्हणजे जवळपास १.२७ मिलिग्रॅम. जाहिरातीतले कोर्स १०० ते २०० मायक्रोग्रॅम त्वचेखाली सांगतात. म्हणजे चाचणीतल्या मात्रेचा सहावा ते तेरावा हिस्सा, आणि वाटही वेगळी. एवढ्या मात्रेने त्वचेखालून काय होतं, यावर त्या चाचण्या काहीच सांगू शकत नाहीत. शिवाय रक्तद्रवातली विकरं हा रेणू काही मिनिटांत तोडतात.

घाटमाथा
थोडा असहमत. पाश्चात्त्य नियतकालिकांत नाही म्हणजे काहीच नाही, असं धरणं बरोबर नव्हे. सेंट पीटर्सबर्गला व्लादिमिर खाविन्सन यांच्या संस्थेने चार दशकं यावर काम केलं. २६६ वृद्धांवर सहा ते आठ वर्षं अभ्यास झाला, त्यात मृत्यूदर कमी दिसला. सेलँक रशियात ०.१५ टक्के नाकातले थेंब म्हणून औषधाच्या दुकानात मिळतं. हे सगळं हवेतलं कसं म्हणणार?

पिंगळा
@घाटमाथा, हवेतलं म्हणत नाही. पण तो २६६ जणांचा अभ्यास थायमॅलिन आणि एपिथॅलामिन या *अर्कांचा* होता. एक थायमसचा, एक पिनियल ग्रंथीचा. आज विकलं जातं ते एपिटॅलॉन म्हणजे प्रयोगशाळेत जोडलेला चार आम्लांचा तुकडा. अर्कावरचा निकाल तुकड्याच्या नावे जमा करता येत नाही. आणि दुसऱ्या कुठल्या स्वतंत्र गटाने तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहिलेला नाही. कामाचा आदर आहेच, पण एकाच घरातल्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

घाटमाथा
अर्क आणि तुकडा यातला फरक मान्य. तो मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. सेलँकबद्दल मात्र म्हणणं कायम आहे. ते झोपेचं औषध नाही, चिंतेचं आहे, आणि चिंतेमुळे झोप उडालेल्या माणसात त्याला निदान काही तर्क तरी आहे.

पिंगळा
तेवढं मान्य.

सोनचाफा
एक शंका. यातल्या काहींच्या कॅप्सूलही मिळतात. सुई नको म्हणून लोक त्या घेतात. पोटातून जातं का हे?

रसायनी
@सोनचाफा, पोट म्हणजे पेप्टाइडं तोडण्याचाच कारखाना. पेप्सिन, ट्रिप्सिन यांचं रोजचं काम तेच आहे; डाळीतलं प्रथिन आणि महागडं पेप्टाइड त्यांना सारखंच. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या पेप्टाइड औषधाची गोळी निघाली तिच्यात शोषण वाढवणारा खास पदार्थ ३०० मिलिग्रॅम घालावा लागला, तरी रक्तात पोहोचतं जेमतेम एक टक्का. तीही सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या कप पाण्यासोबतच, पुढे अर्धा तास काही न खाता. डेस्मोप्रेसिन हे मूत्र कमी करणारं पेप्टाइड औषध तोंडावाटे एक टक्कासुद्धा शोषलं जात नाही, नाकातून काही टक्के. तेव्हा थायमोसिनची साधी कॅप्सूल म्हणजे महाग प्रथिन.

खलबत्ता
मग खरवसही त्याच हिशोबात? 'कोलोस्ट्रम पावडर' इम्युनिटीसाठी हजारो रुपयांना विकतात. आमच्याकडे चीक निघाला की शेजारीपाजारी वाटतात, फुकट!

कडुनिंब
@खलबत्ता, खरवस गोडासाठी खावा, वेलदोडा घालून, बिनदिक्कत. चिकात इम्युनोग्लोब्युलिनं भरपूर असतात हे खरं, पण ती वासरासाठी. वासराच्या आतड्यातून जन्मानंतर पहिला दिवसभर ती अख्खी रक्तात जातात. माणसाच्या मोठ्या वयात तसं होत नाही. वर खरवस वाफवताना ती गोठतात, म्हणून तर वडी पडते.

दुधाशी संबंधित एक गोष्ट मात्र खरी आहे. केसिन या दुधातल्या प्रथिनाचं ट्रिप्सिनने पचन केलं की अल्फा-कॅसोझेपिन नावाचा दहा आम्लांचा तुकडा निघतो. तो असलेली पावडर १५० मिलिग्रॅम मात्रेत ताण आणि झोपेसाठी विकली जाते. अभ्यास थोडे, परिणाम सौम्य. कपभर गरम दुधाने तेवढा तुकडा मिळतो असं मात्र समजू नका.

तांबडी_माती
अवांतर, पण इथेच नोंदवतो. 'नैसर्गिक म्हणून निर्धोक' हेही खरं नाही. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गुळवेलीचे काढे आणि गोळ्या घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःच्याच पेशींवर हल्ला होतो तशा धाटणीची इजा होती ती. प्रतिकारशक्तीला ढोसलं की ती शत्रूकडेच धावेल याची हमी नसते.

कडुनिंब
अगदी. एलएल-३७ चं उदाहरण तर पाठ्यपुस्तकातलं आहे. हे आपल्याच पेशी बनवतात, जंतूंचं आवरण फोडतं, ड जीवनसत्त्वामुळे त्याचं उत्पादन वाढतं. ऐकायला छान. पण हेच पेप्टाइड फुटलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटून प्रतिकार पेशींना भडकवतं, आणि सोरायसिस पेटण्यामागे हा धागा असल्याचं २००७ मध्ये दाखवलं गेलं. सोरायसिसच्या रुग्णाला 'इम्युनिटी'साठी एलएल-३७ टोचणं म्हणजे विस्तवावर तूप. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तपासून भरून काढा, शरीर स्वतःला हवं तेवढं एलएल-३७ करून घेईल.

अडकित्ता
इतका वेळ वाचत होतो. इंजेक्शनच्या औषधांची गुणवत्ता तपासणी हे माझं क्षेत्र, म्हणून त्या बाजूने लिहितो. चर्चा रेणूंवर चालली आहे, पण बाजारातल्या व्हायलमध्ये रेणूखेरीज काय आहे हा प्रश्न जास्त मोठा आहे.

'फक्त संशोधनासाठी' अशा लेबलाच्या व्हायलसोबत एक कागद येतो. त्यावर '९९ टक्के शुद्ध'. ही शुद्धता एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची. तिचा अर्थ एवढाच की यंत्राला जे *पेप्टाइडसारखं दिसलं* त्यातलं ९९ टक्के एकाच शिखरात आहे. क्षार, पाणी, बनवताना उरलेलं ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट यात मोजलंच जात नाही. ५ मिलिग्रॅम पावडरीत निव्वळ पेप्टाइड ७० ते ८५ टक्के असणं अगदी नेहमीचं. कागदावर 'नेट पेप्टाइड कंटेंट' वेगळं लिहिलं नसेल तर मात्रेचा सगळा हिशोब आधीच १५-३० टक्क्यांनी हुकलेला असतो.

थायमोसिन अल्फा-१ ची आणखी एक खोच. त्याच्यात ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फिनाइलअ‍ॅलानिन यांतलं एकही नाही. प्रथिनं नेहमी २८० नॅनोमीटरवर बघतात, तिथे हे जवळजवळ दिसतच नाही. ते २१४ च्या आसपास बघावं लागतं. तेव्हा २८० वर काढलेला देखणा आलेख दाखवत असतील, तर ते शिखर दुसऱ्याच कशाचं तरी आहे. मास स्पेक्ट्रममध्ये १५५५ आणि १०३७ च्या आसपास शिखरं हवीत, दुहेरी आणि तिहेरी भाराची. डीएसआयपीचं ८४९ ला. आणि बॅच नंबर कागदावर आणि व्हायलवर एकच हवा. हे तपासायला यंत्र लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. एंडोटॉक्सिन. हे जिवाणूंच्या बाह्य आवरणाचे तुकडे. जिवाणू मेले तरी हे राहतात. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जिवाणू अडतात, हे पार होतात. उकळून जात नाहीत, ऑटोक्लेव्हमध्येही (दाबाखालच्या वाफेतही) नीट जात नाहीत. काचेवरचे घालवायला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते, आणि ती तर पेप्टाइडला देता येत नाही. म्हणून ते आधीपासूनच येऊ द्यायचे नसतात. हॉर्सशू क्रॅब या निळ्या रक्ताच्या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींपासून केलेल्या चाचणीने ते मोजतात. इंजेक्शनसाठी मर्यादा ताशी ५ एकक प्रति किलो. 'संशोधनासाठी'च्या व्हायलला ही चाचणी करण्याचं बंधन नाही, आणि बहुतेक कागदांवर तिचा रकानाही नसतो.

पिंगळा
@अडकित्ता, तुमच्या या मुद्द्यामुळे निशिगंध यांच्या मूळ प्रश्नाची दोन्ही टोकं जुळतात. जरा सविस्तर लिहितो.

झोप आणि प्रतिकारशक्ती एकाच तारेने बांधलेल्या आहेत, आणि ती तार सापडली तीही पेप्टाइडांमुळेच. हार्वर्डला पापेनहायमर यांनी जागवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूभोवतालचा द्रव घेऊन दुसऱ्या प्राण्यांना दिला, तर ते झोपले. त्या 'फॅक्टर एस'चा शोध घेत गेल्यावर १९८२ मध्ये कळलं की तो म्युरामिल पेप्टाइड आहे. म्हणजे *जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा*! तो प्रतिकार पेशींना इंटरल्युकिन-१ हा निरोप्या रेणू सोडायला लावतो, आणि इंटरल्युकिन-१ गाढ झोप वाढवतं. ताप येताना गुंगी येते, डोळे मिटतात, त्यामागे हीच साखळी आहे.

पुढे म्युनिकमध्ये निरोगी माणसांना मोजून एंडोटॉक्सिन शिरेतून दिलं. ०.२ नॅनोग्रॅम प्रति किलो इतक्या सूक्ष्म मात्रेने गाढ झोप *वाढली*. ०.८ ला मात्र झोप विस्कटली.

हिशोब लावा. साठ किलोला ०.२ म्हणजे १२ नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅमला ढोबळ दहा एकक धरले तर १२० एकक. अडकित्ता यांनी सांगितलेली मर्यादा साठ किलोला ताशी ३०० एकक होते. ती मर्यादा ताप येऊ नये म्हणून आखलेली. झोपेत बदल त्याच्या आतच सुरू होतो. प्रयोग शिरेतून होता, त्वचेखाली वेग वेगळा असेल. तरी न तपासलेल्या व्हायलने 'पहिल्याच रात्री गाढ झोप लागली, अंग जरा कोमट वाटलं' असं कोणी म्हणालं, तर ते पेप्टाइडचं काम की घाणीचं, हे त्या माणसाला आतून कळूच शकत नाही. दोन्ही अगदी सारखं वाटतं.

निशिगंध
हा प्रतिसाद वाचून थांबले. म्हणजे 'गुण आला' हीच खूण भेसळीची असू शकते.

रसायनी
@पिंगळा, टाळ्या. याच कारणाने बिनतपासणीची, बिनप्लासिबोची (खोट्या औषधाशी तुलना न केलेली) कुठलीही 'चाचणी' या क्षेत्रात काडीच्या किमतीची नाही.

दर्यावर्दी
ज्यांना डॉक्टरांनी थायमालफासिन लिहून दिलं आहे त्यांच्यासाठी टोचण्याबद्दलही कोणीतरी लिहा. नातेवाइकांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

अडकित्ता
@दर्यावर्दी, लिहितो.

औषध कंपनीची व्हायल १.६ मिलिग्रॅमची, सोबत १ मिलिलिटर निर्जंतुक पाणी. व्हायल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. दारात नाही, तिथे दर उघडझापीला तापमान हलतं, आणि बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नाही. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. रबरी बुचाला स्पिरिटचा बोळा लावा आणि *वाळू द्या*. सुई घातल्यावर पाणी पावडरीवर थेट मारू नका. सुई काचेला टेकवून पाणी भिंतीवरून हळू सोडा. तळाशी पांढरी चकती असते, तिच्या कडा आधी पारदर्शक होतात आणि मग ती आपोआप विरते. हलवायचं नाही, तळहातांत फिरवायचं. जोरात हलवलं की फेस होतो, आणि हवा-पाण्याच्या सीमेवर पेप्टाइड गुंडाळलं जातं. पाणी स्वच्छ, बिनरंगी दिसलं पाहिजे. गढूळ किंवा तंतू दिसले तर टाकून द्या. साध्या निर्जंतुक पाण्यात कालवलेलं लगेच वापरायचं. ते उद्यासाठी राखायचं नाही. बेन्झिल अल्कोहोल घातलेलं पाणी वेगळं, ते एकाच व्हायलमधून अनेकदा काढायच्या औषधांसाठी असतं, आणि त्यालाही उघडल्यापासून २८ दिवसांची मुदत.

चकतीचा आकार बघून औषध किती हे ठरवू नका. ती बहुतेक मॅनिटॉल या भरीच्या पदार्थाची असते. १.६ मिलिग्रॅम पेप्टाइड एकटं असतं तर तळाला धुरकट डाग दिसला असता, तेवढंच.

खलबत्ता
यात सिरिंजचा मुद्दा राहिला, आणि आपल्याकडे तोच घात करतो. इन्सुलिनची सिरिंज आपल्या दुकानात दोन प्रकारची मिळते. लाल टोपणाची यू-४०, म्हणजे १ मिलिलिटरला ४० रेघा. नारिंगी टोपणाची यू-१००, १ मिलिलिटरला १०० रेघा. परदेशी व्हिडिओ आणि तक्ते सगळे यू-१०० धरून असतात. तिथे '१० युनिट' म्हणजे ०.१ मिलिलिटर. तेच '१० युनिट' लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर ०.२५ मिलिलिटर. अडीचपट! उलट झालं तर निम्म्याहूनही कमी जातं.

युनिट हे इन्सुलिनचं माप आहे, बाकी औषध मिलिलिटरमध्येच सांगा आणि मिलिलिटरमध्येच भरा. १ मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज घेतली, ०.०१ च्या रेघांची, तर हा घोळ मुळातच होत नाही.

सोनचाफा
@खलबत्ता, हे सोन्यासारखं. जतन करून ठेवते.

दर्यावर्दी
कायद्याचं काय? बाहेरून मागवलेलं चालतं का?

कडुनिंब
स्वतःच्या उपचारासाठी थोडं औषध आणायला परवाना आहे: फॉर्म १२-ए वर अर्ज, १२-बी वर परवानगी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तो *औषधासाठी*. 'माणसांसाठी नाही' असं लेबल असलेली पावडर या रस्त्यात बसतच नाही. अमेरिकेतही २०२३ मध्ये त्यांच्या औषध प्रशासनाने डीएसआयपी, एपिटॅलॉन, एलएल-३७ ही सुरक्षिततेची शंका असलेल्या यादीत टाकली. आणि जिल्हा पातळीवर का होईना, खेळणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं: 'गाढ झोपेसाठी' म्हणून विकली जाणारी सर्मोरेलिन, इपामोरेलिन, सीजेसी-१२९५ ही वाढ-हार्मोन सुटायला लावणारी पेप्टाइडं वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. रक्तातली साखरही वाढवू शकतात.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. झोपेसाठी खरोखर पुरावा असलेलं *एकही* पेप्टाइड नाही का?

पिंगळा
आहे, दोन आहेत, पण ती या जाहिरातींत नाहीत. कारण ती 'झोप आणणारी' नाहीत, झोप मोडणारं कारण काढणारी आहेत.

पहिलं टिर्झेपाटाइड. एकोणचाळीस आम्लांचं. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडखळणं) असलेल्या ४६९ जणांवर ५२ आठवडे चाचणी झाली. श्वास अडखळण्याच्या घटना तासाला २५ ते २९ ने कमी झाल्या, प्लासिबोत पाचेकने. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी मंजुरी मिळाली. भारतात मार्च २०२५ पासून मधुमेह आणि वजनासाठी आहे. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं, सकाळी डोकं जड असणं असं असेल तर आधी स्लीप स्टडी. अशा माणसाला झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅपचं यंत्र डीएसआयपीच्या शंभर व्हायलपेक्षा जास्त झोप देईल.

कडुनिंब
दुसरं डेस्मोप्रेसिन म्हणताय ना? नऊ आम्लांचं, डीएसआयपीएवढंच. रात्री मूत्र जास्त तयार होतं म्हणून दोन-तीनदा उठावं लागणाऱ्यांसाठी. जिभेखाली विरघळणारी गोळी स्त्रियांना २५ मायक्रोग्रॅम, पुरुषांना ५०. पण सोडियम धोकादायक उतरू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासायचंच. गोळीआधी एक तास ते नंतर आठ तास पाणी कमीत कमी. ज्यांचं सोडियम आधीच कमी आहे, हृदय कमकुवत आहे किंवा मूत्रलच्या गोळ्या चालू आहेत त्यांना नको. पासष्टीपुढे तर डॉक्टरांच्या नजरेखालीच.

पिंगळा
बरोबर, तेच. आणि उलट बाजूने पाहिलं तर १९९८ मध्ये सापडलेलं ऑरेक्सिन हे *जागं ठेवणारं* पेप्टाइड. त्याला अडवणारी लेम्बोरेक्झंटसारखी औषधं पेप्टाइड नाहीत, साध्या गोळ्या आहेत, चिठ्ठीवर मिळतात. पेप्टाइडांच्या अभ्यासाचं खरं फळ झोपेच्या बाबतीत हे आहे.

घाटमाथा
आणि प्रतिकारशक्तीसाठी?

तांबडी_माती
@घाटमाथा, १६४ निरोगी लोकांची झोप आठवडाभर मनगटी यंत्राने मोजली आणि मग नाकात सर्दीचा विषाणू घातला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट सर्दी झाली. २००२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात रोज चारच तास झोपू दिलेल्या तरुणांत फ्लूच्या लशीनंतर दहा दिवसांनी अँटिबॉडी निम्म्याहून कमी होत्या. लस घ्यायच्या आठवड्यात पुरेशी झोप, हा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

सोनचाफा
पण ज्याला झोपच लागत नाही त्याने काय करायचं? गोळी नको, सुई नको.

पिंगळा
@सोनचाफा, सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशावरचा विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार. यातला मुख्य भाग अंथरुणातला वेळ आवळण्याचा, पायऱ्या सांगतो. दोन आठवडे वहीत रोज लिहा: आडवं कधी झालो, झोप अंदाजे कधी लागली, रात्री किती वेळ जाग, उठलो कधी. सरासरी झोप काढा. समजा साडेपाच तास आली आणि अंथरुणात आठ तास जातात. तर आता अंथरुणात साडेपाच तासच. उठायची वेळ पक्की, समजा सहा. म्हणजे रात्री साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही. साडेपाचच्या खाली कधी जायचं नाही. आठवड्याने झोपेचा वेळ भागिले अंथरुणातला वेळ करा. ८५ टक्क्यांवर गेला तर पंधरा मिनिटं वाढवा, खाली असेल तर तिथेच थांबा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत जा, डोळे जड झाले की परत या.

चुकतं कुठे, तर रविवारी. एका रविवारी नऊपर्यंत लोळलं की आठवड्याची कमाई जाते. दुपारची वामकुक्षीही या काळात बंद. पहिले दहा दिवस दिवसा पेंग येईल, म्हणून ट्रक-बस चालवणाऱ्यांनी, यंत्रावर काम करणाऱ्यांनी, अपस्मार किंवा बायपोलर असलेल्यांनी हे एकट्याने करू नये.

सोनचाफा
दुपारी जेवल्यावर अर्धा तास सुद्धा नाही?

पिंगळा
सहा आठवडे नाही. नंतर वीस मिनिटं, तीनच्या आत, खुर्चीत बसून.